वाचकांची विचारणा : ‘२.३५ एकर’ म्हणजे नेमके किती?

प्रश्न : आजोबांनी १९४८ मध्ये घेतलेल्या वावराच्या खरेदीखतात ‘आराजी (म्हणजे क्षेत्र) २.३५ एकर’ असे लिहिले आहे. आजच्या सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र ०.९५ हे.आर. (हेक्टर-आर, म्हणजे ९५ आर; शंभर आरांचा एक हेक्टर) दिसते. चुलतभावाच्या हिशेबाने दोन एकर पस्तीस गुंठ्यांचे १ हेक्टर १६ आर व्हायला हवेत, म्हणजे एकवीस गुंठे शेजाऱ्याने धुरा (बांध) सरकवून दाबले. मोजणीचा अर्ज करावा काय?
(एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : एवढ्या कारणासाठी तरी करू नये. चुलतभावाचा गुणाकार बरोबर आहे. घोळ आहे तो टिंबानंतरच्या ३५ ला गुंठे समजण्यात. वर्धा नदीच्या पलीकडे, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा या वऱ्हाडात, जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली आणि तेथे एकर व गुंठे रुजले. आपला भाग मध्य प्रांतातला, मालगुजारीचा, म्हणजे मालगुजारामार्फत सारा भरण्याच्या पद्धतीचा. तेथील दप्तरात एकराचे चाळीस नव्हे, शंभर भाग करून लिहिण्याची रीत होती आणि त्या शंभराव्या भागास डिसिमल म्हणत. एक डिसिमल म्हणजे ४३५.६ चौरस फूट, तर एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात तेहतीस फूट लांब व तेवढाच रुंद चौकोन.

आता आपलाच आकडा घेऊ. एका एकराचे ४,०४६.८६ चौरस मीटर होतात. त्यास २.३५ ने गुणले असता ९,५१० चौरस मीटर, म्हणजे ९५ आर १० चौरस मीटर येतात आणि सातबाऱ्याशी ते जुळतात. याउलट २ एकर ३५ गुंठे म्हणजे ११५ गुंठे; गुंठ्याचे १०१.१७ चौरस मीटर धरल्यास ११,६३५ चौरस मीटर होतात. या दोन उत्तरांतील अंतर म्हणजेच आपले ‘हरवलेले’ एकवीस गुंठे.

खात्री करण्याचा एक सोपा उपाय आहे. त्याच मौजाच्या, त्याच काळातील जुन्या अधिकार अभिलेखात आजूबाजूच्या खसऱ्यांचे (क्रमांक दिलेल्या शेतांचे) क्षेत्र पाहावे. टिंबानंतर कोठेही ४० किंवा त्याहून मोठा आकडा, उदाहरणार्थ १.७२, आढळला, तर ते गुंठे असूच शकत नाहीत, कारण चाळीस गुंठे झाले की एकर पुरा होतो. टिंब आहे की आडवी रेघ आहे, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. लिहिणाऱ्याच्या हाताची सवय निराळी असते. पोटखराबा, म्हणजे शेतातील लागवडीस अयोग्य जागा, धरून क्षेत्र दिले आहे की वगळून, हेही पाहावे. नात्यातील भांडणे बहुधा याच रकान्यावरून पेटतात.

क्षेत्र जुळूनही धुरा जागचा हलला असल्याची शंका असेल, तर ती बाब वेगळी. तिच्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

प्रश्न : गावाशेजारची वीस गुंठे जमीन विकत घेत आहोत. ‘आर आणि गुंठा एकच’ असे मध्यस्थ सांगतो. हे खरे मानावे काय?
(एक वाचक, अकोट तालुका, जि. अकोला)

उत्तर : बोलाचालीत चालते, खरेदीखतात चालणार नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात १,०७६.३९ चौरस फूट. गुंठ्याहून सुमारे साडेबारा चौरस फुटांनी लहान. वीस गुंठ्यांचे पैसे मोजून वीस आर पदरात घेतले, तर जवळपास २५२ चौरस फूट कमी मिळतात, म्हणजे एक मोठी खोली बसेल एवढी जागा. भाव गुंठ्याने ठरला असेल, तर वीस गुंठ्यांचे २० आर २३ चौरस मीटर लिहून घ्यावेत; सातबाऱ्यावर वीसच आर असतील, तर भाव आरावर पुन्हा ठरवावा. शेतजमिनीचा तुकडा पाडून विकता येतो की नाही, हे मात्र इसार देण्यापूर्वीच तलाठ्याकडे विचारावे.