मोठ्या तळ्याचे प्रदूषण काठावरून कळत नाही

मोठ्या गोड्या पाण्याच्या तळ्याचे प्रदूषण तपासण्यासाठी नमुने किती व कुठून घ्यावेत आणि उपाय कोणता करावा, असे आपण विचारले आहे. ‘किती’ हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. नमुना घेण्याची खोली चुकली तर शेकडो बाटल्याही व्यर्थ जातात.

दक्षिण गोव्यातील एका जलाशयाच्या पाण्याची तपासणी माझ्याकडे असताना, ऐन वैशाखात नळांना तपकिरी पाणी येऊ लागले. बाहेरून बोलावलेल्या सल्लागारांनी काठाशी गुडघाभर पाण्यात उभे राहून बाटल्या भरल्या आणि पाणी उत्तम असल्याचा अहवाल दिला. मी होडीने धरणाच्या भिंतीजवळच्या खोल भागात गेलो व तळाचे पाणी वर काढले. ते दिसायला नितळ होते, परंतु त्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ नव्हता, आणि क्लोरिन घातल्यावर ते हळूहळू तपकिरी झाले. उन्हाळ्यात वरचे तापलेले, हलके पाणी तळाच्या गार पाण्यात मिसळत नाही. तळाचा प्राणवायू संपला की गाळातील लोह व मँगनीज विरघळून तळाच्या पाण्यात येऊ लागतात; क्लोरिनने तपकिरी होतात ते हेच. आपल्या जांभ्या जमिनीत दोन्ही मुबलक आहेत, त्यात साळावलीसारख्या जलाशयाच्या पाणलोटात खाणीही होत्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला अवघी ०.१ मिलिग्रॅम आहे. एवढे सांगूनही त्या गृहस्थांनी भर बैठकीत मला ‘प्रमाणित पद्धत’ समजावली आणि उपाय म्हणून कारंजी सुचवली!

पृष्ठभागावरची कारंजी ही शोभा आहे, उपचार नव्हे. तातडीने करायचे ते एवढेच, की उपसा तळाच्या दारातून न घेता वरच्या दारातून घ्यावा. कायमचा इलाज पाणलोटात आहे: सांडपाणी, शेतातील खत आणि उघड्या ढिगांची वाहून येणारी माती तळ्यात पोहोचण्यापूर्वीच अडवली पाहिजे. सिएटल शहराने १९६० च्या दशकात आपले सांडपाणी वॉशिंग्टन सरोवरापासून दूर वळवले आणि पुढील दशकात ते सरोवर पुन्हा नितळ झाले.

अर्थात थरांचे हे म्हणणे खोल जलाशयांपुरते खरे आहे. गोव्यातीलच करमळी किंवा कुडतरीची तळी उथळ असल्याने वाऱ्याने ढवळली जातात, तिथे असे थर फारसे टिकत नाहीत. त्या तळ्यांत मात्र प्राणवायू पहाटे, सूर्योदयापूर्वी मोजावा. रात्रभर वनस्पती व शेवाळ तो वापरत असल्याने तेव्हाच तो सर्वांत कमी असतो. आमचे सल्लागार अकरापूर्वी कधी आले नाहीत, त्यामुळे त्यांच्या लेखी प्रत्येक तळे निरोगीच होते.