डोंगराला वणवा लागला तर कळलावीची रानवेल कायमची मरते का?

नाही, सहसा मरत नाही. फेब्रुवारी ते मेमधल्या वणव्यात जळतं ते तिचं वाळलेलं खोड, कंद जमिनीखाली शाबूत असतो. कळलावी बहुवर्षायू आहे, पण तिची वेल दरवर्षी नवी येते. पावसाळ्यात फुलून बिया पिकल्या की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वरचा भाग वाळतो आणि नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद उन्हाळाभर सुप्त राहतो. सह्याद्रीच्या उतारावरचं वाळलं गवत भराभर जळून जातं, माती उष्णता फार आत जाऊ देत नाही, म्हणून चार बोटं खाली त्या आगीची झळ फारशी पोहोचत नाही. जूनमध्ये काळ्या पडलेल्या जमिनीतून कोंब वर येतो. सफेद मुसळी आणि खरपुडी या रानवनस्पतींचंही गणित साधारण असंच.

मात्र यावरून वणवा तिला मानवतो असं समजू नका. वळवाच्या सरीनंतर कोंब फुटलेला असताना आग आली तर कंदातला साठा वाया जातो, आणि जाड ओंडका एकाच जागी तासन्‌तास धुमसला तर खालचा कंदही भाजतो. दरवर्षी आग लागत राहिली तर जमिनीवर पडलेलं बी जळतं, शिवाय पानांच्या टोकाच्या गुंडाळणाऱ्या तंतूंनी ती ज्या करवंदीच्या जाळ्यांवर चढते त्याही विरळ होतात. माझ्या मते तिला वणव्याहून मोठा धोका औषधासाठी कंद उपटून नेणाऱ्यांचा आहे. जळक्या जागेत कंद दिसलाच तर उकरू नका. त्यात कोल्चिसीन हे जीवघेणं विष असतं.