हार्पवर आपले थाट कसे मिळवावेत?

प्रश्न : मी पेटी वाजवतो. जर्मनीहून परतलेल्या भाचीने तिचा 34 तारांचा लिव्हर हार्प माझ्याकडे ठेवला आहे. एप्रिलपासून तारा रोज उतरतात आणि दोन तर तुटल्याही. या वाद्यावर आपले राग वाजवता येतील का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तारा उतरतात म्हणजे वाद्य बिघडले आहे, असे समजू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि स्वर खाली येतात. मृगाच्या सरी पडल्या की ते फुगते आणि हेच स्वर चढू लागतात. हार्प खिडकीजवळ ठेवू नये, आणि कूलरच्या झोतात तर मुळीच नाही. उन्हाळाभर तारा सैल सोडून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नका, कारण ताण सतत बदलत राहिल्यास तारा कधीच स्थिरावत नाहीत. रोज थोडे जुळवणे हाच उपाय आहे. पुष्कळदा तार हवेने नव्हे, तर आपल्या हाताने तुटते : छेडतो एक तार आणि किल्ली असते शेजारच्या खुंटीवर. स्वर हलत नाही म्हणून आपण आणखी पिळतो, आणि ती शेजारची तार तुटते. म्हणून आधी बोटाने तार खुंटीपर्यंत तपासावी, मगच किल्ली फिरवावी.

आता रागांविषयी. हार्पवरील लाल तारा म्हणजे पाश्चात्त्य सी, अर्थात आपली पांढरी एक. काळ्या किंवा निळ्या तारा एफच्या असतात. लाल तारेला ‘सा’ माना, म्हणजे काळी तार आपोआप ‘म’ होते. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी लिव्हर म्हणजे छोटा खटका असतो; तो वर केला की त्या तारेचा स्वर अर्ध्या स्वराने चढतो. परदेशी पुस्तके बहुधा सर्व लिव्हर खाली ठेवून ई फ्लॅट मेजर ही पाश्चात्त्य स्वरमालिका जुळवायला सांगतात, आणि त्यांच्या संगीतासाठी ते सोयीचेही आहे. पण त्यात आपल्याला कोमल रिषभ, म्हणजे अर्धा स्वर उतरलेला ‘रे’, मिळत नाही. तुम्ही सर्व लिव्हर खाली असताना सरळ भैरवी थाटच (थाट म्हणजे ज्यावरून राग बनतात तो सात स्वरांचा संच) जुळवा, म्हणजे रे, ग, ध, नी कोमल आणि म शुद्ध. मग नुसता ‘रे’ वर केला की आसावरी, त्याच्या जोडीला ‘ध’ उचलला की काफी, त्यात ‘ग’ची भर पडली की खमाज, ‘नी’ही चढवला की बिलावल आणि शेवटी ‘म’ तीव्र केला की कल्याण. पुन्हा सगळे खाली घेऊन फक्त ‘ग’ आणि ‘नी’ चढवले तर भैरव. तोडी, पूर्वी आणि मारवा याच हिशेबाने तुम्हीच शोधा. पेटीवाल्याला त्यात अडचण येऊ नये. मात्र एका सप्तकातला लिव्हर दुसऱ्या सप्तकातली तार चढवत नाही, त्यामुळे प्रत्येक सप्तकात तो वेगळा उचलावा लागतो. मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची, अपेक्षाही ठेवू नका, पण ती उणीव पेटीतही आहेच.

वाद्य उजव्या खांद्यावर टेकवा आणि नखे कापा, कारण तार बोटाच्या गराने छेडायची असते. करंगळी वापरत नाहीत. बोटांना फोड येऊ नयेत म्हणून पहिला महिनाभर एका बैठकीत पंधरा मिनिटांहून अधिक वाजवू नका.