मुलीचे टॉन्सिल काढू का? आमच्या काकांनी माझे काढू दिले नव्हते

तुमची मुलगी सात वर्षांची, डॉक्टर काढा म्हणतात आणि सासूबाई म्हणतात आवाज जाईल. हे वाचून आमचे मोठे काका आठवले.

मी आठवीत होतो. ऑपरेशनची तारीख ठरलेली. काका गावाहून आले, "घशाला सुरी लावली की आवाज गेलाच," म्हणाले, आणि वडिलांनी तारीख रद्द केली. पुढची १५ वर्षं गळ्याला हळद-चुन्याचा लेप, मिठाच्या गुळण्या, तरीही दर दोन महिन्यांनी ताप. दहावीचा भूमितीचा पेपर मी तापातच लिहिलाय. चिंच बंद, पेरू बंद, कुल्फी बंद. घसा धरायचा तेव्हा धरायचाच.

२९व्या वर्षी टॉन्सिलच्या बाजूला पू झाला. तोंड उघडेना, थुंकीसुद्धा गिळवेना. आधी पू काढला, दीड महिन्याने टॉन्सिल. मोठेपणी हे दुखणं दोन आठवडे पुरतं. जखम उघडीच ठेवतात, तिच्यावर पांढरट साय धरते. तो पू नसतो, पण आरशात बघून मी हबकलोच. कान ठणकतात ते वेगळंच, घशाची नस कानाकडेही जाते ना. शेजारच्या खाटेवरचं सहा वर्षांचं पोरगं दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमसाठी भांडत होतं, आणि मी घोटभर पाण्याला रडत होतो.

स्वरयंत्र टॉन्सिलच्या बरंच खाली असतं हो! मोठ्या टॉन्सिलमुळे तोंडात घास धरून बोलल्यासारखं वाटायचं, तेवढं सुटलं. प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर जिभेच्या मुळाशी आणि नाकामागे तसल्याच गाठी असतात, त्या काम करतात.

तरी डॉक्टर म्हणाले म्हणून लगेच काढू नका. वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा नीट आजारी पडला असेल, तर काढण्यात अर्थ आहे. त्याहून कमी असेल तर थांबा, पुष्कळ मुलांचं वयाबरोबर कमी होतं. झोपेत श्वास अडकत असेल तर हा हिशोब लागू नाही. आणि काढलेत तर पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत लक्ष ठेवा. लाल रक्त दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखाना गाठायचा.

सासूबाईंना एवढंच विचारा, टॉन्सिल काढून आवाज गेलेला एक तरी माणूस पाहिलाय का? मी काकांना विचारलं होतं, गणपतीत, आरती म्हणून घसा मोकळा झाल्यावर. म्हणाले, "पाहिलाय की. तू."