ध्रुव, चाक आणि साखरेतला पोल

प्रश्न असा आहे: मतांचं ध्रुवीकरण म्हणजे लोक दोन टोकांना जाणं. मग प्रकाशाचं ध्रुवीकरण होतं तेव्हा तो कुठल्या टोकांना जातो?

कुठल्याच नाही. पण आधी माझी तक्रार. निकालाच्या दिवशी दर तासाला कानावर येतं, ‘अमक्याच्या बाजूने मतांचं ध्रुवीकरण झालं’. अहो, ते एकवटणं! एकाच टोकाचं ध्रुवीकरण म्हणजे एका हाताची टाळी. चष्म्याच्या दुकानांत तर कुठलीही काळी काच ‘पोलराइज्ड’ म्हणून खपते. तसे दोन चष्मे एकापुढे एक धरा आणि एक नव्वद अंशांत फिरवा. पलीकडचं जवळजवळ दिसेनासं झालं नाही, तर पैसे परत मागा.

आता मूळ घोटाळा. १६६९ मध्ये कोपनहेगनच्या एरास्मुस बार्थोलिनने आइसलंडहून आलेल्या एका पारदर्शक खड्याचं वर्णन छापलं. आज आपण त्याला कॅल्साइट म्हणतो. खडा कागदावर ठेवला की खालचं अक्षर दोनदा दिसतं. खडा फिरवला की एक प्रतिमा जागची हलत नाही आणि दुसरी तिच्याभोवती फिरते. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने एका खड्यावर दुसरा ठेवून फिरवला, तेव्हा प्रतिमा उजळू-मावळू लागल्या. न्यूटन म्हणाला, किरणांना बाजू असतात. बाजू! किती साधा शब्द. आपल्याकडे छपराला पाख असते, तसा हा ‘एकपाखी’ प्रकाश. माझं ऐकलं असतं तर आज पाठ्यपुस्तकात हाच शब्द असता.

पण १८०८ मध्ये पॅरिसच्या मालुस या शास्त्रज्ञाने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन तसल्याच खड्यातून पाहिलं. खडा फिरवताना दोन प्रतिमा आळीपाळीने मंदावताना दिसल्या. तो प्रकाशाला कणांचा बनलेला मानणारा. चुंबकासारखे या कणांनाही ध्रुव असणार आणि ते एका दिशेला लागत असणार, असं समजून त्याने ‘पोलरायझेशन’ हे नाव ठेवलं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने दाखवलं की प्रकाश म्हणजे त्याच्या जाण्याच्या दिशेला आडवी होणारी कंपनं, आणि ती एकाच प्रतलात आली की झालं हे पोलरायझेशन. ध्रुव गेले, नाव उरलं, आणि आपण त्या चुकीचं इमानदारीने भाषांतर केलं. ‘प्रकाशासाठी ध्रुवण आणि राजकारणासाठी ध्रुवीकरण म्हणा, गोंधळ मिटेल’ असं सांगणारे परिभाषापंडित आहेत. प्रत्यय बदलल्याने आत बसलेला ध्रुव उठून जातो की काय?

खरी गंमत मात्र ‘पोलरायझेशन’मधल्या ‘पोल’मध्ये, म्हणजे ध्रुवाच्या इंग्रजी नावात आहे. ग्रीक ‘पोलोस’ म्हणजे ज्याभोवती आकाश फिरतं तो आस. त्यामागचा धातू ‘फिरणे’ या अर्थाचा. त्याच धातूतून संस्कृतात ‘चक्र’ आणि ‘चरति’ आले, म्हणजे आपलं चाक, चरणं, चाकोरी ही सगळी पोलची भावंडं. भावंडं म्हणालो, लेकरं नव्हे. ‘ग्रीकांनी आमच्याकडून उचललं’ म्हणणाऱ्यांनी कृपया शांत बसावं. उलट ‘ध्रुव’ म्हणजे स्थिर, अढळ. त्यांनी फिरण्यावरून नाव घेतलं, आपण न फिरण्यावरून, आणि जागा एकच! बार्थोलिनच्या खड्याखाली दोन्ही एकत्र नांदत होते: एक प्रतिमा ध्रुव, दुसरी चाक.

प्रश्नकर्त्याने शेवटी पुस्ती जोडली आहे की वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते, घरी ‘ब्रिक्स’ (रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचं माप) आणि ‘पोल’ (त्यातल्या साखरेचं माप) ऐकू यायचं. तो पोलही हाच का? हाच. १८१५ मध्ये बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाला टर्पेंटाइन आणि साखरेचं पाणी यांत या प्रकाशाचं प्रतल वळताना दिसलं. २६ ग्रॅम शुद्ध साखरेचं १०० मिलिलिटर द्रावण करून २० सेंटिमीटरच्या नळीत भरलं, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचं प्रतल उजवीकडे सुमारे ३४.६ अंश फिरतं. या वळण्यावरूनच रसातली साखर मोजतात, म्हणून त्या मापाचं नाव पोलरायझेशनमधला ‘पोल’. वडिलांना सांगा, मालुसचे ध्रुव खोटे निघाले, पण तुमच्या नळीत पोल खरोखरच फिरत होता.