मुलीला तालमुद शिकायचंय, घर तारण ठेवू का?

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मैत्रिणींबरोबर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनगॉग, बघायला गेली आणि तिथून प्राचीन ज्यू ग्रंथांचं वेड घेऊन आली. आता इंग्लंडला जाऊन त्यातलं एक वर्षाचं एम.ए. करायचं म्हणते. खर्च तीस-पस्तीस लाख, आणि वडील घर तारण ठेवायला तयार आहेत. आई विचारतात, ‘आम्ही ज्यू नाही, धर्म बदलावा लागेल का? यात नोकरी मिळते का? की हे नुसतं खूळ आहे?’

ताई,

कर्जाचं आधी बोलते. घर तारण ठेवू नका. मुलीच्या विषयाला माझा विरोध नाही, उलट असं पत्र वर्षात एखादंच येतं आणि मला बरं वाटतं. पण पदरच्या पैशाने एका वर्षाची परदेशी पदवी घेणं, ही या विषयात शिरायची सगळ्यात महाग आणि सगळ्यात कच्ची वाट आहे. का, ते कळायला विषय थोडा समजून घ्यावा लागेल.

इ.स. २००च्या सुमारास रब्बी (ज्यू धर्मपंडित) यहुदा हानासी यांनी मिश्ना हा धर्मनियमांचा ग्रंथ हिब्रूत संकलित केला. पुढे काही शतकं त्यावर पॅलेस्टाइनमध्ये आणि बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकात, खल चालला. त्या चर्चेचे दोन संग्रह झाले, तेच दोन तालमुद. बॅबिलोनी तालमुद मोठा. रोज एक पान, दोन्ही बाजू धरून, वाचणाऱ्याला तो संपवायला २,७११ दिवस लागतात. म्हणजे जवळजवळ साडेसात वर्षं! भाषा बरीचशी अरामी. पानाच्या मध्ये मूळ मजकूर, आतल्या कडेला अकराव्या शतकातल्या ‘राशी’ नावाच्या रब्बींची टीका आणि बाहेरच्या कडेला त्यांच्या पुढच्या पिढ्यांची टिपणं. नेहमीच्या छापील प्रतीत मूळ मजकुराला ना स्वरचिन्हं, ना विरामचिन्हं. वाक्य कुठे संपलं, प्रश्न कुणी केला आणि उत्तर कुणी दिलं, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं.

तुमच्या मुलीला हे ओळखीचं वाटलं असणार. सूत्र, भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिपण. रब्बींच्या अर्थ लावायच्या तेरा नियमांतला पहिला ‘कल वा-होमेर’ म्हणजे थेट आपला कैमुतिकन्याय: हलक्या बाबतीत जे लागू, ते भारी बाबतीत लागू असणार हे काय सांगायला हवं? मीमांसेची चार पानं वाचलेली मुलगी इथे अगदीच पाहुणी नसते.

धर्माची काळजी सोडा. येशिवात, म्हणजे ज्यूंच्या धर्मपाठशाळेत, हे ग्रंथ श्रद्धेने शिकतात, तो धर्मशिक्षणाचा भाग. विद्यापीठात ते इतिहास आणि वाङ्मय म्हणून वाचले जातात. रब्बींच्या वाङ्मयाचा असा शास्त्रीय अभ्यास व्हावा, हे लिओपोल्ड त्सुंझ यांनी १८१८ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्या काळातले पेटर शेफर बर्लिनला आणि प्रिन्स्टनला, तर ग्युंटर श्टेम्बर्गर व्हिएन्नाला हाच विषय शिकवत होते, आणि दोघेही ज्यू नाहीत.

या अभ्यासातलं रोजचं काम मात्र मुलीला कुणी सांगितलं नसावं. १२४२ मध्ये पॅरिसला तालमुदची हस्तलिखितं गाड्या भरभरून जाळली गेली, पुढेही जळत राहिली. त्यामुळे जवळपास संपूर्ण बॅबिलोनी तालमुद असलेलं जुनं हस्तलिखित जगात एकच उरलं. ते १३४२ सालचं, म्युनिकमध्ये आहे. बाकी सगळे भाग आणि तुकडे. कैरोच्या सिनगॉगमधल्या अडगळीतून सॉलोमन शेक्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेलेले कागदच लाखाच्या वर आहेत. एका ओळीचे पाच पाठ शेजारी मांडून कुठला आधीचा हे ठरवण्यात आठवडा जातो. ज्याला यात मजा येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. आणि ही मजा चाखायला इंग्लंड कशाला? भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच रीतीने झाली. तिचे संपादक सुखटणकर बर्लिनलाच शिकून आले होते. तिने आधी पाठभेदांचं काम तिथे जाऊन बघावं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बॅबिलोनी तालमुद इराणच्या ससानी घराण्याच्या राज्यात घडला. न्यूयॉर्कचे याकोव एल्मन यांनी ससानी कायदा आणि तालमुद शेजारी ठेवून वाचले, आणि गेल्या काही दशकांत या विषयाचं एक नवं दालन उघडलं. त्या कायद्याचा पहलवी या जुन्या इराणी भाषेतला ग्रंथ, ‘मादियान-ए हजार दादेस्तान’, एकाच हस्तलिखितात उरलाय, आणि ते पारशांनी जपलं. त्यातला एक मोठा भाग जीवनजी जमशेदजी मोदींनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. कुठे? पुण्यात! मुंबईच्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय या विद्येसाठीच नावाजलेलं आहे. हिब्रू-अरामी येणारे विद्यार्थी जेरुसलेमला आणि न्यूयॉर्कला पुष्कळ आहेत. त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात झुंजायचं, तर तुमची मुलगी दहा वर्षं मागे आहे. पण संस्कृतचा पाया, त्यावर अवेस्ता-पहलवी आणि जोडीला अरामी, असा विद्यार्थी प्राध्यापकांना सहजी सापडत नाही. तिची वाट इथून जाते, आणि ती पुण्या-मुंबईत सुरू होते.

नोकरीचं खरं सांगते. तालमुदचा स्वतंत्र विभाग भारतात माझ्या पाहण्यात नाही. परदेशात प्राध्यापकाच्या जागा मोजक्या. हस्तलिखितांच्या सूची करणारी ग्रंथालयं, मजकूर संगणकावर आणणारे प्रकल्प आणि भाषांतर इथे कामं असतात, पण बहुतेक मुदतीची. म्हणून संस्कृतचं एम.ए. पुण्यातच करू दे आणि नेटही देऊ दे. तो तिचा भात-आमटीचा आधार. त्या दोन वर्षांत हिब्रू (पुण्यातल्या ख्रिस्ती धर्मविद्येच्या संस्थांत बायबलचं हिब्रू शिकवतात, तिथे चौकशी करावी) आणि मॅक्समुल्लर भवनात जर्मन. जर्मन टाळता येत नाही, या विषयातलं जुनं संशोधन निम्मं त्याच भाषेत आहे. मग अर्ज करायचे ते फक्त पैसे मिळतील तिथे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. बर्लिनला या विषयाचा विभाग आहे, हायडेलबर्गला १९७९ पासून ज्यू अध्ययनाची स्वतंत्र संस्था आहे. राहण्याखाण्यासाठी डाड (DAAD) या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती बघावी. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. इस्रायलला जायचं की नाही, हा प्रश्न आज सोडवायचाच नाही.

आणि खूळ आहे का, याची परीक्षा फुकट घेता येते. सेफारिया या संकेतस्थळावर अख्खा तालमुद आहे. शब्दावर बोट ठेवलं की कोश उघडतो. ‘बेराखोत’ या त्याच्या पहिल्याच प्रकरणाचं पहिलं पान काढायला सांगा. त्यावर क्रमांक मात्र दोन असतो, कारण मुखपृष्ठ एक धरतात. सुरुवातच अशी: संध्याकाळी शेमा (ज्यूंची रोजची प्रार्थना) केव्हापासून म्हणायचा? हा तोच शेमा, जो आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी, शनिवार तेल्यांनी, तालमुद ठाऊक नसतानाही पिढ्यान् पिढ्या तोंडी राखला. लाल देऊळ बगदादी ज्यूंचं, पण तिला हेही कळलं तर आवडेल.

तीन महिने. आधी लिपी, मग ते एक पान, इंग्रजी भाषांतर झाकून, कोशाच्या आधाराने, प्रत्येक ओळीचं मराठी वहीत लिहून काढायचं. दिवसाला दोन ओळी झाल्या तरी चालतील. वडिलांना म्हणावं, तोवर बँकेत जाऊ नका. वही भरली तर तिचे फोटो मला पाठवा, आणि पुढचं पत्र तिलाच लिहू दे. जर्मनीच्या अर्जांचं मी तिच्याशीच बोलेन.