काचेच्या बरणीतलं चटई-मॉस उन्हाळ्यात का सडतं?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन मागवलेलं चटईसारखं मॉस बरणीत लावलं, रोज पाणी फवारलं, झाकणही लावलं, तरी मार्चअखेर ते पिवळं पडून सडलं. गावात पाणी बोअरचंच. चुकलं कुठं?

पाणी कमी पडलं नाही. मॉस ओलं असताना तापलं, म्हणून गेलं.

मॉसला खरी मुळं नसतात. खालचे केसासारखे तंतू फक्त धरून ठेवायला असतात, पाणी पानंच पितात, आणि ती बहुधा एका पेशीच्या जाडीची. हवा कोरडी झाली की मॉस वाळतं, पानं मिटतं आणि सगळा कारभार थांबवतं. म्हणूनच एप्रिलमध्ये कवेलूवर तपकिरी, मेल्यासारखं दिसणारं मॉस मृगाच्या सरीनंतर हिरवं होतं. वाळलेलं असताना ते ४५ अंशांचं ऊन काढतं. ओलं असलं की मात्र ते जागं असतं. रात्रीही उकाडा असेल तर दिवसा कमावलेलं अन्न श्वसनातच संपतं, आणि बंद बरणीत पारा ३५ च्या वर गेला की सडायला वेळ लागत नाही.

चटई-मॉस म्हणून बहुतेकदा हिप्नम विकतात. युरोपात झाडांच्या खोडांवर, दगडांवर सगळीकडे पसरलेलं, थंड हवेचं मॉस ते. आपल्याकडे त्याला पावसाळा-हिवाळा जमतो, उन्हाळा नाही. काही पाकिटांत तर रंगवून टिकवलेलं मेलेलं मॉस असतं. पांढऱ्या वाटीत तासभर भिजवा. पाण्याला हिरवा रंग सुटला तर ते लावून उपयोग नाही.

मी सांगेन की मॉस गावातलंच घ्या. न्हाणीमागची भिंत, विहिरीचा कठडा, टाकीचा ओटा इथं बुटकं, मखमलीसारखं मॉस येतं. ते बहुधा हायोफिला असतं, चुना आणि ऊन दोन्ही सोसणारं. (हाताला बुळबुळीत लागतं ते शेवाळ, ते वेगळं.) हे मॉस रांगत पसरत नाही, पण तुकडे चिकटून लावले की चटई होते. जुलै ते सप्टेंबरमध्ये पातळ उलथन्यानं काढा, एका जागेवरून तिसरा हिस्साच. मेळघाट-ताडोब्याच्या जंगलातून आणू नका, अभयारण्यातून झाडपाला काढणं गुन्हा आहे.

तीन-चार लिटरची, हात आत जाईल एवढ्या तोंडाची बरणी घ्या. तळाला २ सेंमी विटांचे बारीक तुकडे, त्यावर १ सेंमी कुटलेला लाकडी कोळसा (राख झटकून), मग मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. वर ३ सेंमी थर : दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग धुतलेली वाळू. कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते तीनदा पाण्यातून पिळून काढा. वावरातली काळी माती घालू नका. ती पाणी धरून बसते. शेणखताने बुरशी येते, आणि मॉसला खत लागतच नाही.

तुकड्यांखालची माती २-३ मिमी ठेवून बाकी झाडा, किडे वेचा, दहा मिनिटं पाण्यात बुडवा. मग ३-४ सेंमीचे तुकडे ठेवून तळव्यानं घट्ट दाबा. इथेच बहुतेकांचं चुकतं. खाली पोकळी राहिली की कडा वाळून उचलतात. ताक आणि मॉस मिक्सरमधून काढून फासायचा उपाय सगळीकडे फिरतो. बंद बरणीत तो करू नका, आधी बुरशीच वाढते. फटींत वाळलेलं मॉस चुरगाळून टाकलं तरी पुरे, त्या चुऱ्यातूनच नवे कोंब येतात.

पाणी पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं वापरा. बोअरच्या पाण्यातले क्षार जातात कुठं? पाणी उडतं, क्षार पानावरच राहतात. आधी शेंडे तपकिरी होतात, मग पांढरी पापडी धरते. उकळून हे क्षार पूर्ण जात नाहीत.

सकाळी काचेवर धुकं येऊन दुपारपर्यंत विरलं तर ओल बरोबर. दिवसभर थेंब ओघळत असतील तर झाकण दोन दिवस उघडं ठेवा. उत्तरेकडची खिडकी उत्तम. थेट ऊन मात्र पंधरा-वीस मिनिटंही नको, बंद काच भट्टीसारखी तापते. खिडकी नसेल तर ९ वॅटचा पांढरा एलईडी फूटभर वर, रोज आठ-दहा तास. कोंब लांब, विरळ होऊन वर ताणले तर उजेड कमी आहे.

होळीनंतर झाकण काढा, फवारणी बंद करा आणि आठ-दहा दिवसांत मॉस हळूहळू वाळू द्या. गावचं मॉस तसंच सावलीत मृगापर्यंत राहील. हिरवंच हवं असेल तर काच सोडा. मातीच्या पसरट कुंडीत लावून ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवा. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे मातीतून पाणी उडत राहतं आणि कुंडी खोलीपेक्षा बरीच थंड राहते. कूलरच्या खोलीतही चालेल, फक्त झोतासमोर नको. हिप्नम मात्र या कुंडीतही मे काढेल असं मी सांगणार नाही. ते दिवाळीच्या सुमारास नव्यानं लावा.